कलेचे अनुदान आणि जागेचे आरक्षण यांची सांगड का घालू नये

एका तालुक्याच्या गावातील हौशी नाट्यसंस्थेच्या चिटणिसांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नगरपरिषदेच्या मंजूर विकास योजनेत एक भूखंड नाट्यगृहासाठी आरक्षित आहे. जमीनमालकाच्या वतीने एका विकासकाने प्रस्ताव ठेवला आहे की, आरक्षण उठवून भूखंड निवासी व वाणिज्य वापरासाठी मोकळा केल्यास तो नगरपरिषदेच्या सांस्कृतिक निधीत मोठी एकरकमी देणगी भरेल आणि तिच्या व्याजातून गावातील नाट्यसंस्थांना दरवर्षी अनुदान मिळेल. संस्थांनी या फेरबदलाला पाठिंब्याचे पत्र द्यावे, अशी काही नगरसेवकांची अपेक्षा आहे. पत्र द्यावे का, आणि नाकारायचे तर कोणत्या कारणाने?

मी नगररचना विभागात नोकरीची बहुतेक वर्षे काढली असून विकास योजनांवरील हरकतींच्या सुनावण्यांना टेबलाच्या अलीकडे आणि निवृत्तीनंतर पलीकडेही बसलो आहे. माझे मत असे की संस्थेने हे पत्र देऊ नये. विकासकाच्या हेतूविषयी मला शंका घ्यायची नाही, आणि नाट्यसंस्थांना पैशांची गरज आहे हेही मी जाणतो. परंतु जागेचा वापर ठरवण्याची प्रक्रिया ज्या साक्षीवर चालते, ती साक्ष देणारेच लोक या व्यवहारात अनुदानाचे लाभार्थी होतात. एकदा तसे झाले की ती जागा तर जातेच, पण पुढच्या प्रत्येक जागेविषयी बोलण्याचा नैतिक अधिकारही जातो.

ही गुंतागुंत आपल्याकडे का होते, हे आधी पाहू. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या विषयांची यादी आहे. तिच्यात पहिला विषय नगररचनेसह नागरी नियोजन, दुसरा जमिनीच्या वापराचे व इमारतींच्या बांधकामाचे नियमन, आणि तेरावा सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन असा आहे. म्हणजे जमिनीचा वापर ठरवणारी आणि कलेला मदत करणारी संस्था घटनेच्या रचनेतच एक आहे. मंत्रालयात नगरविकास विभाग आणि सांस्कृतिक कार्य विभाग वेगळे आहेत, त्यांच्या नस्त्या, म्हणजे फायली, वेगळ्या चालतात. नगरपरिषदेत मात्र दोन्ही विषय एकाच सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर, कधी कधी पाठोपाठ, येतात. दोन्ही अधिकार एकाच सभेकडे असणे टाळता येत नाही. म्हणूनच निर्णयांच्या वाटा वेगळ्या ठेवण्याची जबाबदारी अधिक.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये विकास योजनेत कोणत्या सार्वजनिक प्रयोजनांसाठी जमिनी राखून ठेवाव्यात याचा उल्लेख आहे, आणि त्यात सांस्कृतिक संस्था, नाट्यगृहे, वस्तुसंग्रहालये व कलादालने यांची नावे स्पष्टपणे आहेत. नाट्यगृहाचे आरक्षण ही कोणा कलाप्रेमी नगराध्यक्षाची मेहेरबानी नसून शाळा किंवा दवाखान्याच्या आरक्षणाइतकीच ती कायदेशीर बाब आहे. प्रारूप योजना कलम २६ खाली प्रसिद्ध होते, हरकती व सूचना मागवल्या जातात, नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि कलम ३१ खाली राज्य शासन योजना मंजूर करते. मंजूर योजनेतील आरक्षण बदलायचे असल्यास कलम ३७ ची वाट आहे : नियोजन प्राधिकरणाचा, म्हणजे येथे नगरपरिषदेचा, ठराव, राजपत्रात सूचना, हरकतींसाठी एक महिना, बाधितांची सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी. शिवाय हा फेरबदल योजनेचे स्वरूप पालटणारा नसावा, अशी अटही त्या कलमात आहे.

या साऱ्या रचनेमागे एक गृहीत आहे, आणि ते कायद्यात कोठे लिहिलेले नाही. ज्याला त्या जागेची गरज आहे तो येऊन बोलेल, हे ते गृहीत. शाळेच्या आरक्षणाविषयी पालक बोलतात, मैदानाविषयी खेळाडू बोलतात. नाट्यगृहाच्या बाजूने मात्र नाटकवाल्यांखेरीज सहसा कोणी उभे राहत नाही. उलट शेजारच्या सोसायट्या रात्रीचा आवाज आणि वाहनांची गर्दी ही कारणे देऊन विरोधात अर्ज करतात, आणि त्यांची तक्रार खोटी असते असेही नाही. सुनावणी घेणारा अधिकारी त्याच्यासमोर आलेल्या कागदांवरून अभिप्राय लिहितो. विरोधात चाळीस सह्या आणि बाजूने एकही पत्र नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे गावातील सर्व नाट्यसंस्थांचे 'आम्हांला नाट्यगृह नको, निधी चालेल' असे पत्र, असा कागद पुढे आला तर कितीही रसिक अधिकारी असला तरी तो आरक्षण ठेवण्याची शिफारस कशाच्या आधारावर करणार? तुमचे पाठिंब्याचे पत्र त्या नस्तीत जाते ते तज्ज्ञ साक्षीदाराचे म्हणून. ते देण्याबद्दल त्या साक्षीदाराला अनुदान मिळणार होते, हे नस्तीत कोठेही लिहिलेले नसते.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २६ जून १९६८ रोजी सुरू झालेले हे नाट्यगृह महापालिकेच्या मालकीचे आहे. भाडे ठरवणे, तारखा देणे ही कामे महापालिका करते, आणि नियोजन प्राधिकरणही तीच. पुनर्विकासाचा विषय निघाला तेव्हा रंगकर्मींमध्ये उघड दोन तट पडले. काहींना जुनी वास्तू पाडणे मान्य नव्हते, तर काहींना अधिक सभागृहांचे नवे संकुल हवे होते. दोन्ही बाजूंची मते जाहीरपणे मांडली गेली, ही चांगली गोष्ट. अशा वादात संस्थांच्या अनुदानाची रक्कम प्रस्तावाच्या मंजुरीशी बांधलेली असती, तर कोणी पटले म्हणून बोलतो आहे आणि कोणी गरज म्हणून, हे कोणालाच ओळखता आले नसते.

आता कायद्याच्या बाजूकडे वळतो. देणगी 'ऐच्छिक' आहे, असे तुम्हांला सांगितले जाईल. फेरबदलाच्या बदल्यात मिळणारी आणि फेरबदल न झाल्यास न मिळणारी रक्कम ऐच्छिक कशी, हा पहिला प्रश्न. ती ऐच्छिक नसेल तर ती आकारणी झाली, आणि कायद्याच्या आधाराशिवाय कर आकारता येत नाही, असे घटनेचा अनुच्छेद २६५ सांगतो. अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अधिनियमात स्पष्ट अधिकार नसेल तर प्राधिकरणाला विकास शुल्कही वसूल करता येत नाही, असे ठरवले. कलम ३७ मध्ये 'सांस्कृतिक निधीत देणगी' नावाची पायरी नाही. आणि खरोखर ऐच्छिक असेल, तर विकासकाने ती आजच द्यावी. फेरबदलाचा निर्णय व्हायचा तेव्हा आणि व्हायचा तसा होईल. हा साधा प्रश्न सभेत विचारून पाहा.

दुसरा युक्तिवाद असा येईल की शेवटी पैसा चांगल्याच कामाला जाणार आहे. याचे उत्तर बंगळूर मेडिकल ट्रस्टच्या १९९१ च्या निकालात आहे. बंगळूरमधील एका वसाहतीच्या आराखड्यात उद्यानासाठी राखलेली जागा रुग्णालयासाठी एका खासगी न्यासाला देण्यात आली होती, आणि तीही मुख्यमंत्र्यांच्या सूचनेवरून. रहिवासी न्यायालयात गेले. रुग्णालय हे लोकोपयोगी काम असूनही सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप टिकू दिले नाही, आणि अशा बाबतीत रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे हेही मान्य केले. नवा हेतू चांगला असणे पुरेसे नाही. राखीव जागेचा हेतू बदलण्याची जी रीत कायद्याने घातली आहे, तिच्यातूनच तो बदलला पाहिजे.

याचा अर्थ जमिनीच्या विकासातून कलेसाठी पैसा कधीच येऊ नये, असा मी घेत नाही. येथे अनेक सद्भावी लोक टोकाची भूमिका घेतात, आणि ती टिकत नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने १९५९ पासून बांधकाम खर्चाचा एक टक्का कलाकृतींसाठी राखण्याची पद्धत सुरू केली आणि पुढे अनेक शहरांनी ती उचलली. या पद्धतीची कसोटी कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटीच्या खटल्यात लागली. तेथे एका मालकाला आपल्या बंद पडलेल्या टेनिस क्लबच्या जागी घरे बांधायची होती आणि त्यासाठी जमिनीचा झोन, म्हणजे ठरवून दिलेला वापर, बदलून हवा होता. नगरपालिकेने दोन रकमा मागितल्या : करमणुकीची सोय गेल्याबद्दल २ लाख ८० हजार डॉलर, आणि सार्वजनिक कलेच्या नियमाखाली सुमारे ३३ हजार डॉलर. १९९६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कलेची रक्कम उचलून धरली, कारण तो नियम आधीपासून लिहिलेला होता आणि तशा सर्व बांधकामांना सारखाच लागू होता. इमारतीपुढे किती जागा सोडावी यासारखाच तो एक नियम, असे न्यायालयाने मानले. करमणुकीची मोठी रक्कम मात्र त्या एका मालकासाठी, त्या एका अर्जावर ठरवलेली होती. प्रत्यक्ष हानीशी तिचे प्रमाण दाखवा, असे सांगून न्यायालयाने ते प्रकरण परत पाठवले.

तुमच्या गावातील प्रस्ताव या दोहोंपैकी कोणत्या प्रकारात बसतो, हे सांगायला नको. सर्वांसाठी आधी छापलेला नियम आणि एका अर्जदाराशी बंद खोलीत ठरलेला आकडा यांत पैशाचा रंग सारखा दिसला तरी जमिनीच्या निर्णयावर होणारा परिणाम उलटा असतो. नियम असेल तर अर्ज मंजूर करण्यात सभेला कोणता लोभ नसतो, कारण रक्कम ठरलेली असते आणि ती नाट्यगृह पाडणाऱ्याला जितकी, तितकीच गोदाम बांधणाऱ्यालाही भरावी लागते. सौद्यात मात्र आरक्षण जितके मोलाचे, तितकी ते उठवण्याची किंमत जास्त. म्हणजे नेमक्या सर्वांत चांगल्या जागा आधी विकल्या जातात.

न्यूयॉर्कने गेल्या पन्नास वर्षांत या विषयातले जवळपास सगळे प्रयोग करून पाहिले, त्यामुळे त्या शहराकडे जरा सविस्तर पाहतो. मॅनहॅटनच्या सोहो भागातील जुने कारखाने रिकामे पडले आणि तेथे चित्रकार-शिल्पकार बेकायदा राहू लागले, तेव्हा १९७१ मध्ये झोनिंगच्या नियमांत बदल करून त्या औद्योगिक इमारतींत 'प्रमाणित कलावंतां'ना राहण्याची व काम करण्याची परवानगी देण्यात आली. कलावंत कोण, हे प्रमाणपत्र देण्याचे काम शहराच्या सांस्कृतिक विभागाकडे गेले. हेतू उत्तम होता आणि सुरुवातीला त्याने शेकडो कलावंतांना छप्पर दिले. परंतु जमिनीच्या वापराचा एक निकष कलेच्या खात्याच्या दाखल्यावर टांगला गेला, आणि भाव वाढल्यावर त्या दाखल्याशिवाय राहणाऱ्या श्रीमंतांची संख्या इतकी झाली की नियम कागदावर उरला. डिसेंबर २०२१ मध्ये त्या भागाची नवी झोनिंग मंजूर करताना शहराने दुसऱ्या टोकाची युक्ती योजली : कलावंतांसाठीच्या जागेचे सामान्य घरात रूपांतर करायचे तर दर चौरस फुटाला १०० डॉलर भरा, ती रक्कम कलानिधीत जाईल. जुने कलावंत रहिवासीच याविरुद्ध उभे राहिले, कारण ज्यांच्या नावाने निधी उभा राहणार होता, त्यांनाच म्हातारपणी घर विकताना तो भरावा लागणार होता. प्रकरण न्यायालयात गेले. कलेच्या खात्याला आधी दाराचा पहारेकरी आणि नंतर टोल घेणारा नाकेदार बनवण्याचा हा इतिहास आहे.

त्याच शहरातील नाट्यगृहांच्या भागात १९९८ मध्ये केलेली व्यवस्था मला अधिक शहाणपणाची वाटते. ब्रॉडवेच्या नियमात नोंदलेल्या नाट्यगृहांना आपल्या डोक्यावरचे न वापरलेले चटई क्षेत्र त्या भागातील इतर भूखंडांना विकण्याची मुभा मिळाली, आपल्या टीडीआरसारखीच, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्कासारखी. बदल्यात नाट्यगृह मालकाला ती वास्तू नाट्यगृह म्हणूनच चालू ठेवण्याचे बंधन लिहून द्यावे लागते, आणि दर चौरस फुटाला सुरुवातीला १० डॉलर इतकी ठरलेली रक्कम एका निधीत जाते, जिचे वाटप स्वतंत्र परिषद करते. त्या परिषदेत शहर शासनाची माणसे आहेत, म्हणून ती पूर्ण अलिप्त आहे असे म्हणता येणार नाही. तरीही दोन गोष्टी नीट साधल्या आहेत : दर आधी जाहीर आहे, आणि निधी मिळावा म्हणून नाट्यगृह घालवावे लागत नाही, ते राखले तरच व्यवहार होतो.

दोन्ही दोऱ्या एका हातात असल्या की काय होते, याचे उघडेवाघडे उदाहरण १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिन म्युझियममध्ये दिसले. तेथे 'सेन्सेशन' हे प्रदर्शन भरले असता त्यातील येशूची माता मेरी हिच्या एका चित्रावरून महापौर रुडॉल्फ जुलियानी संतापले. म्युझियमला शहराकडून वर्षाला सुमारे ७० लाख डॉलर मिळत होते आणि इमारतही शहराच्या मालकीची होती. महापौरांनी अनुदान रोखले, आणि त्याच बरोबर म्युझियमला इमारतीतून बाहेर काढण्यासाठी दावा लावला. १ नोव्हेंबर १९९९ रोजी न्यायाधीश नीना गर्शन यांनी शहराला मनाई केली आणि पुढच्या वर्षी तडजोडीत अनुदान पूर्ववत झाले. येथे झोनिंगचा प्रश्न नव्हता, भाडेपट्ट्याचा होता. पण धडा जागेचाच आहे. पैसे देणारा आणि जागा देणारा एकच असला तर एका नाराजीत दोन्ही जातात. तुमच्या गावात उद्या एखादे नाटक एखाद्या नेत्याला खटकले, तर सांस्कृतिक निधीचे व्याज कोणाच्या सहीने सुटणार आहे, हे आजच विचारून ठेवा.

ब्रिटनमध्ये या कामांची वाटणी मला आदर्शाच्या जवळ वाटते. कलेचे मुख्य शासकीय अनुदान १९४६ पासून आर्ट्स कौन्सिलमार्फत दिले जाते. नाट्यगृहांच्या वास्तूंसाठी मात्र १९७६ च्या स्वतंत्र कायद्याने थिएटर्स ट्रस्ट स्थापन झाला, आणि नाट्यगृहाच्या जागेवर परिणाम करणारा अर्ज आला की स्थानिक नियोजन प्राधिकरणाला या ट्रस्टचे मत घ्यावेच लागते. जागेविषयी बोलणारा आवाज कायद्याने राखून ठेवला आणि तो नाट्यसंस्थांच्या वार्षिक अनुदानावर अवलंबून ठेवला नाही. आपल्याकडे अशी संस्था नाही. म्हणूनच तुमच्यासारख्या हौशी संस्थांचे पत्र इतके किमती आहे.

आरक्षण हे सर्वरोगहर औषध आहे असेही कोणी मानू नये. मुंबईत जुने चित्रपटगृह पाडून नवी इमारत बांधताना काही प्रमाणात प्रेक्षागृह ठेवण्याची अट दीर्घकाळ आहे, आणि ती शिथिल करावी ही मालकांची मागणीही तितकीच जुनी. नियोजनाचा नियम खेळ चालवू शकत नाही. तो फक्त जागा राखतो. खेळ चालवण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागते, आणि ती वेगळ्या लेखाशीर्षाखाली, जाहीर निकषांनी, नियोजनाशी संबंध नसलेल्या समितीकडून दिली गेली पाहिजे.

आता प्रत्यक्ष काय करावे. पहिल्यांदा विकास योजना अमलात आल्याची तारीख पाहा, कारण तुमच्या भूखंडाला खरा धोका या देणगीपेक्षा कलम १२७ चा असू शकतो. अंतिम योजना अमलात येऊन दहा वर्षे झाली आणि जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे जमीन घ्या अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्याची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण आपोआप व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. नुसता पत्रव्यवहार म्हणजे पावले नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्सच्या २००७ च्या निकालात सांगितले आहे. नगरपरिषदेकडे संपादनाला पैसे नसतील तर समावेशक आरक्षणाची तरतूद डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत आहे : मालकाने नाट्यगृह बांधून ते विनामूल्य नगरपरिषदेच्या स्वाधीन करावे आणि उरलेल्या जागेवर आपला विकास करावा. विकासकाला खरोखर कलेची आस्था असेल, तर हा मार्ग त्याला खुला आहे, आणि त्यात गावाला निधीऐवजी नाट्यगृह मिळते.

संस्थेने दोन स्वतंत्र अर्ज करावेत. मुख्याधिकाऱ्यांना पहिल्या अर्जात आरक्षणाची गरज मांडावी : वर्षभरात किती प्रयोग कोठे होतात, जवळचे नाट्यगृह किती अंतरावर आहे, किती संस्था आहेत. यात अनुदानाचा शब्दही येऊ देऊ नये. दुसरा अर्ज अंदाजपत्रकापूर्वी, सांस्कृतिक तरतुदीसाठी, आणि त्यात भूखंडाचा उल्लेख नसावा. फेरबदलाची सूचना राजपत्रात आलीच तर एक महिन्याच्या मुदतीत पहिलाच अर्ज हरकत म्हणून पुन्हा द्यावा, पोच घ्यावी आणि सुनावणीला स्वतः हजर राहावे. टपालाने पाठवलेली हरकत बहुधा एका ओळीत निकाली निघते. शासनाकडे प्रस्ताव जाताना सर्व हरकती सोबत जाणे आवश्यक असते, म्हणून सहायक संचालक, नगररचना यांच्या कार्यालयात तिची प्रत द्यावी.

आणि जागा खरोखरच गैरसोयीची असेल, रस्ता अरुंद किंवा पुराच्या रेषेत असेल, तर तसे मोकळेपणाने लिहावे. त्या परिस्थितीत मागणी एकच ठेवावी : हे आरक्षण हलवायचे असल्यास त्याच क्षेत्रफळाचा पर्यायी भूखंड त्याच सूचनेत, सर्व्हे क्रमांकासह दाखवला जावा.